बंदूक, परवाना आणि द्वेष

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका माणसाने जुम्म्याच्या नमाजसाठी आलेल्या ५१ जणांचा जीव घेतला. त्याचा द्वेष आपल्याला आठवतो. पण त्याच्याकडे बंदुकीचा रीतसर परवाना होता, हे किती जणांना माहीत आहे?

परवाना देताना पोलिसांनी त्याच्याविषयी दोघांना विचारले: ऑनलाइन गेम खेळणारा एक मित्र आणि त्या मित्राचा पालक. जवळून ओळखणाऱ्या घरच्या माणसाला विचारलेच नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पडताळणी केवळ नावापुरती असली की पुढे काय होते, हे रोज पाहतो.

हल्ल्यानंतर २६ दिवसांत तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. सरकारने भरपाई देऊन ५० हजारांहून अधिक बंदुका परत घेतल्या.

कायद्याने द्वेष संपत नाही, हे खरे. त्यासाठी शाळेत, घरात, मोबाइलवर वेगळे काम करावे लागेल. पण चिडलेल्या माणसाच्या हातात बंदूक आली की मृतांचा आकडा वाढतो. म्हणून द्वेषाविरुद्ध बोलताना आपण एवढेही विचारू या: परवाना कोणी दिला आणि काय तपासून दिला?