ठणकणारे बोट आणि मुका खिळा



विळीवर भाजी चिरताना बोट कापले, की आपले लक्ष रक्ताकडे जाते. खरी पाहण्यासारखी गोष्ट पुढेच घडते. कापलेली रक्तवाहिनी आक्रसते, रक्तातील बिंबाणू तेथे येऊन चिकटतात आणि फायब्रिनचे धागे त्यांवर जाळे विणतात.

मग बोट लाल होते, गरम लागते, सुजते व ठणकते. सेल्सस या रोमन लेखकाने ही चार लक्षणे सुमारे २००० वर्षांपूर्वी लिहून ठेविली. आपण त्यांना दुखणे म्हणतो. वस्तुतः तो बंदोबस्त असतो. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली. त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो म्हणून सूज. त्याच वाटेने पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंना गिळतात. मेच्निकोव्ह याने १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! आपण ज्याला किळसतो तो पू म्हणजे बव्हंशी या लढाईत पडलेल्या पेशीच होत.

परंतु हा बंदोबस्त जेथे फसतो, ते सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीत व शेणात असतात. खिळ्याच्या खोल भोकात हवा पोहोचत नाही, आणि नेमके तेच त्यांना मानवते. जखम वरून बरी दिसते. आत तयार झालेले विष मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत चढते. ते इतके जहाल, की प्राण घेणारी मात्राही शरीराला प्रतिकार शिकविण्यास अपुरी पडते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस टोचावीच लागते.

बाळाच्या नाळेवर शेण वा राख लावण्याची चाल आपल्याकडे होती. तिने किती पाळणे रिकामे केले असतील! गरोदर आईला लस दिली, की तिच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वारेतून बाळास मिळतात. ही लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे नवजात बालकांचा धनुर्वात प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जन्मांमागे एकाहून कमी झाला, असे भारतापुरते २०१५ साली जाहीर झाले. माती मात्र तीच आहे. खिळा रुतला, तर साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावे आणि शेवटची लस केव्हा टोचली ते डॉक्टरांना सांगावे. मळक्या जखमेत, तिला पाच वर्षे उलटली असल्यास ते पुन्हा टोचतात.