हुजूरपागेचा धडा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर जेथे पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती, तेथे आज मुलींची शाळा आहे. ‘हुजूरपागा’ हे नाव आपल्या कित्येक घरांत आजी-पणजीपासून परिचित आहे. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने ही शाळा निघाली. मुलींनाही मुलांप्रमाणे उच्च शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू. त्यास लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुरुषानेही विरोध केला. विद्वत्ता व देशभक्ती असूनही लेकीबाळींच्या बाबतीत माणूस चुकू शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

मग आपली काय कथा? मुलाच्या शिक्षणास कर्ज काढणारे आपण, मुलीची पाळी येताच लग्नखर्चाचा हिशेब मांडतो. शिष्यवृत्ती निधीस देणगी देताना ‘केवळ मुलांसाठी’ असा शेरा आपल्यांतील काही दाते अद्याप लिहितात. त्यांची भावना शुद्ध आहे, यात संशय नाही. परंतु यापुढे तो शेरा कोणी लिहू नये, एवढीच माझी नम्र विनंती.