पाण्याच्या शेवटच्या टोकाला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "तुम्ही पाण्याविषयी बोला" असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणाले. मी काही इंजिनियर नव्हे. पण मग वाटले, जिची निम्मी उमर पाण्याची वाट पाहण्यात गेली, तिने बोलायचे नाही तर कोणी?

माझे सासर ओझरचे. ओझरला द्राक्षे जुनी. १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी तेथे बाग लावली, असे सांगतात. सारी भिस्त विहिरींवर. पुढे दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचे धरण झाले आणि त्याचा कालवा आमच्या शिवारापर्यंत आला. कालवा आला, पाणी मात्र येईना! वरचे शेतकरी पाणी घेत, काही वाटेत झिरपून जाई, आणि आम्ही पडलो शेवटच्या टोकाला. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याची मनधरणी करायची आणि कोरड्या चारीकडे पाहत बसायचे.

द्राक्षाचे मणी फुगण्याच्या दिवसांत बागेला पाणी हवेच. एका वर्षी नेमकी तेव्हाच आमची विहीर तळाला गेली. घड वेलीवरच सुरकुतले. त्या साली माझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "पाटल्या परत होतील, बाग जगव."

अशा वेळी समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी हे काम हाती घेतले. त्यांचे म्हणणे साधे होते. एकेकट्याने अर्ज करण्यापेक्षा सर्वांनी मिळून संस्था काढावी, सरकारकडून पाणी मोजून घ्यावे आणि आपसात वाटावे. लोक हसले. भाऊ भाऊ बांधावरून भांडतात, ते पाणी काय वाटणार? तरीपण १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन संस्था उभ्या राहिल्या.

त्यांच्या कारभारातली गोम आपण ध्यानात घ्यावी. पूर्वी पट्टी बसे पिकाच्या क्षेत्रावर. पाणी कमी घ्या की जास्त, पट्टी तीच. मग कोण काटकसर करील? आता पाणी घनमापाने मोजून संस्थेला मिळू लागले. जो वाचवील त्याचा लाभ! कोणते पीक घ्यावे, तेही शेतकऱ्याच्याच हाती आले. शिवाय कालव्याचे पाणी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून जिरवले, तशा भोवतालच्या विहिरी भरू लागल्या. त्या विहिरींवर ठिबक बसले आणि बागा उन्हाळ्यातही तग धरू लागल्या. आपण बायका साठवणीचे धान्य कणगीत ठेवतो ना, तसेच हे पाणी जमिनीच्या पोटात ठेवले म्हणा.

तिघींचे पाहून इतर गावांनीही संस्था काढल्या. २००३ साली चोवीस संस्थांचा मिळून साऱ्या वाघाड प्रकल्पाचा एक संघ झाला. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही भागांतून संचालक घेण्याची सोय आहे. शेवटच्या टोकाला अखेर बसायला जागा मिळाली!

आता आपल्या घरची गोष्ट. एकदा घरचे आजारी होते, म्हणून संस्थेच्या सभेला मी गेले. पाळीवरून बोलायला उभी राहिले, तो एकाने विचारले, "बाई, आपण सभासद आहात का?" मी नव्हते. सभासद होतो सातबाऱ्यावर नाव असलेला. रात्री दारे धरायला मी, छाटणीच्या वेळी मजूर जमवायला मी, पाटल्या मोडायला मी, आणि नाव कुठेच नाही! मी मुकाट्याने खाली बसले. घरी येऊन मात्र मुकाट बसले नाही. दोन वर्षे लागली, पण यांनी जमिनीवर माझे नाव लावले. पुढच्या सभेला मी हक्काने गेले आणि पाळीबद्दलचे माझे बोलणे पुरे केले.

भगिनींनो, पाण्यासारखाच हक्कही वरच्या अंगाला अडतो. तो आपल्यापर्यंत आणायचा, तर चारी आपणच साफ केली पाहिजे. आज घरी गेल्यावर सातबारा काढून वाचा. आपले नाव आहे की नाही, एवढे पाहा. नसेल तर शांतपणे, पण रोज, विषय काढीत जा.