धूर मोटारीचा आणि धूर जहाजाचा

(उरण येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



हवेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की प्रथम डिझेल मोटारीकडे बोट दाखविले जाते. त्यावर मोटारवाल्यांचे उत्तर तयार असते : एकेक प्रवासी जहाज लाखो मोटारींइतका धूर ओकते, मग आम्हालाच का छळता? हा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे.

‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट’ या युरोपीय संस्थेने २०१९ साली दाखवून दिले की, कार्निव्हल या एका कंपनीच्या प्रवासी जहाजांनी २०१७ मध्ये युरोपच्या किनाऱ्यालगत सोडलेली गंधकाची ऑक्साइडे तेथील २६ कोटी मोटारींच्या जवळजवळ दहापट होती. हे खरे, परंतु ते गंधकापुरतेच खरे. मोटारींच्या डिझेलमधील गंधक कायद्याने आधीच काढून टाकले गेले होते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत मोटारीच पुढे होत्या. जहाजाच्या पापाने मोटार पुण्यवान ठरत नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून मोटारीच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत १० भागांहून अधिक गंधक चालत नाही. जहाजी इंधनाची जागतिक मर्यादा त्याच वर्षी १ जानेवारीला साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. अर्धा टक्का म्हणजे ५००० भाग, मोटारीच्या पाचशेपट!

आता आपला किनारा पाहा. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात धक्क्याला लागलेले जहाजही दिवे, पंप आणि शीतपेट्यांसाठी जनित्रे चालवीत असते. बाहेर डिझेलवरील कंटेनर ट्रेलरांची रीघ. २०२० पासून मुंबईच्या धनिकांच्या मोटारी रो-रो बोटीने मांडव्याला उतरतात. दुपारचा खारा वारा समुद्रावरचा धूर गावांकडे आणतो. ज्या आगरी-कोळ्यांपाशी ना मोटार ना जहाजाचे तिकीट, त्यांच्याच छातीत तो जातो.

नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच तालुक्यात लढा झाला. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. विकासाची किंमत कोणी मोजायची, हाच तेव्हाचा प्रश्न होता आणि आजचाही तोच आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. धक्क्यावरील जहाजांना किनाऱ्यावरून वीज घेणे सक्तीचे करा. युरोपच्या बंदरांत २०१० पासून धक्क्यावर ०.१ टक्का गंधकाची मर्यादा आहे. तीच येथे लावा. ट्रेलरांवरील माल रेल्वेकडे वळवा. हवेच्या मोजणीचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

मोटार की जहाज, या वादात आपण गुंतू नये. दोन्हींचा हिशेब मागावा, आणि तो प्रत्येक ग्रामसभेत मागावा.