दाखल्यातले नाव आणि हातातले काम



आमच्या मराठवाड्यात मुसलमान मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर चार शब्दांचे असते. समजा, शेख रहीम शेख करीम. मुलाचे नाव, मग बापाचे, आणि दोघांच्याही आधी शेख. कानाला गोड लागते. पण पासपोर्टच्या अर्जात रकाने दोनच, नाव आणि आडनाव. शेख घालायचा कुठे? एका कागदावर तो पुढे येतो, दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर स्पेलिंगच निराळे. जन्मतारीख तर निम्म्या गावाची 1 जून, गुरुजींनी बहाल केलेली! हिंगोली, वसमत, कळमनुरीची पोरे आखाताकडे निघतात तेव्हा पहिली ठेच इथेच लागते.

माझ्या शेजारी एक वेल्डर राहतो. दहावी नापास. त्याने जोडलेली ट्रॉली उसाच्या ओझ्यानेही उकलत नाही. दहावी नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' हा शेरा. अशा माणसाला कामासाठी सौदी, कुवेत, कतार धरून 18 देशांत जायचे तर सरकारची वेगळी परवानगी लागते. 1983 च्या कायद्याने आलेल्या या अटीचा हेतू चांगला आहे. कमी शिकलेला माणूस परमुलखात फसू नये. पण दहावी पास झालेल्या, जन्मात वेल्डिंगचा होल्डर न धरलेल्या पोराला ती अट नाही, याचे मला हसू येते.

परवानगी मिळूनही तो फसलाच. व्हिसावर 'लेबर' लिहिलेले होते. काम वेल्डिंगचे, पगार लेबरचा. तिकडे इकाम्यावर जो धंदा लिहिला तोच तुमचा; हात काय जाणतात ते कोण विचारतो?

अलीकडे सौदीने वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांची कामाची परीक्षा भारतातच घ्यायला सुरुवात केली. मला हे पटते. निदान हातांना बोलू दिले.

2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हा आमच्या गल्लीतही चर्चा झाली. भाषा तर शिकावीच लागते. पण तिथे अनुभवाच्या जोरावर जायचे म्हटले, तरी साधारणपणे मायदेशातले किमान दोन वर्षांचे सरकारमान्य शिक्षण मागतात. आपल्या आयटीआयमधला वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा. फिटर आणि इलेक्ट्रिशियनचे दोन वर्षांचे.

शेजाऱ्याच्या धाकट्याने म्हणून फिटर घेतले. बापाला ते फारसे रुचलेले नाही. वेल्डिंग तो त्याला रात्री दुकानात शिकवतो.