सशाचें घर आणि कोंकणचा पाऊस

घरांत मुलें असलीं कीं केव्हां ना केव्हां सशाचा हट्ट पुढें येतोच. ससा आणणें सोपें. त्याला चार महिन्यांच्या पावसांतून सुखरूप पार नेणें हें मात्र वडील माणसांचें काम होऊन बसतें. पनवेल तालुक्यांतील उलवे हें याचें चांगलें उदाहरण आहे. भातखाचरांच्या आणि खाडीच्या सोबतीनें राहिलेल्या या गांवाभोवतीं सिडकोनें नवें नगर वसविलें. २०१८ सालीं रेल्वे खारकोपरपर्यंत आली, २०२४ च्या जानेवारींत अटल सेतु खुला झाला आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत शेजारच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. वस्ती नवी झाली. परंतु पाऊस, खाडी, कांदळवन आणि त्यांच्या आश्रयानें राहणारे जीव हे जुनेच आहेत. अंगणांत किंवा गच्चीवर सशाची पेटी ठेवणाऱ्या कुटुंबानें या जुन्या शेजाऱ्यांचा विचार आधीं केला पाहिजे.

मराठींत रानांतल्या आणि घरांतल्या अशा दोघांनाही ससा हें एकच नांव आहे, त्यामुळें एक घोटाळा होतो. आपल्या माळरानावरील ससा बीळ करीत नाहीं; गवताच्या आडोशाला उघड्यावरच तो दिवस काढतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला अभय दिलेलें आहे. तो पकडतां येत नाहीं, पाळतांही येत नाहीं. बाजारांत मिळणारा पाळीव ससा हा निराळ्या जातीचा. त्याचे पूर्वज स्पेन आणि पोर्तुगालकडील कोरड्या मातींत बिळें करून राहणारे. कोरडी थंडी त्याला सोसते. उष्मा आणि ओल सोसत नाहीं. त्याला आपल्यासारखा घाम येत नाहीं. अंगांतली उष्णता तो मुख्यतः लांब कानांवाटे आणि जलद श्वासावाटे बाहेर टाकतो. तपमान तीस अंश सेल्सियसच्या पुढें गेलें कीं तो धापा टाकूं लागतो, आणि हवा दमट असेल तर त्या धापांचाही उपयोग कमी होतो.

सशांच्या निगेवरील पुष्कळशीं इंग्रजी पुस्तकें बर्फाच्या देशांत लिहिलेलीं आहेत. पेटी नीट झांका, फटी बुजवा, गारठा आंत येऊं देऊं नका, असा त्यांचा उपदेश असतो. तो उपदेश जशाचा तसा कोंकणांत आणला तर घात होतो. जून उजाडतांच जो गृहस्थ पेटीला चोहोंकडून ताडपत्री गुंडाळतो, तो सशाला पावसापासून वांचवितो आणि उकाड्याच्या स्वाधीन करतो. आंतील मूत्राचा उग्र वायु कोंडतो, नाक व फुप्फुसें बिघडतात, गवताला बुरशी धरते. म्हणून येथील नियम एकच: पाणी अडवावें, हवा अडवूं नये.

कोंकणांतल्या जुन्या घरांनीं ही युक्ति केव्हांच साधली आहे. उतरतें छप्पर, पुढें आलेली वळचण आणि उघडी पडवी यांचेंच लहान रूप सशाच्या पेटींत उतरवावें. पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पेटीची पाठ नैर्ऋत्येस आणि जाळीचें तोंड ईशान्येस असावें. त्यानें सकाळचें कोंवळें ऊन मिळतें व दुपारचें टळतें. पाठ आणि दोन्ही बाजू अखंड फळ्यांच्या कराव्या. परंतु छपराच्या अगदीं खालीं चार बोटें रुंदीची फट ठेवून तिला जाळी लावावी, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. छपराचा उतार पाठीकडे असावा आणि तें सर्व बाजूंनीं वीतभर पुढें यावें, म्हणजे पागोळ्या दूर पडतात. नुसता पत्रा वैशाखांत तव्यासारखा तापतो. यासाठीं पत्र्याखालीं थोडी मोकळी जागा सोडून फळीचें दुसरें छत द्यावें, आणि पत्र्यावर नारळीचीं झांपें अंथरावीं. झांपांनीं उष्णता कमी होते, आणि सरींचा जो ताडताड आवाज भित्र्या सशाला हैराण करतो तोही मंदावतो.

झड अडविण्यासाठीं समोरच्या जाळीवर वरच्या अंगाला बिजागऱ्या असलेली झडप बसवावी. एरवीं ती उचलून टेकू द्यावा. झड आली कीं तिरपी खालीं सोडावी. पाणी तिच्यावरून ओघळून जातें आणि खालून हवा खेळत राहते. पेटी जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच पायांवर असावी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा एक दिवस उंच पायांची किंमत पटविण्यास पुरेसा आहे. गच्चीवरची पेटी तर भिंतीशीं पक्की जखडलीच पाहिजे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां भल्याभल्या घरांचे पत्रे उडाले. असा इशारा मिळाला कीं ससा घरांत घ्यावा.

आतां शत्रूंकडे वळूं. खाडीकांठच्या वस्तींत घूस, उंदीर, मुंगूस, साप, भटकीं कुत्रीं-मांजरें हे नित्याचे पाहुणे. नवी मुंबईच्या कांदळवनांत कोल्हेही आहेत. कोंबड्यांसाठीं मिळणारी षट्कोनी जाळी कोंबडीला आंत ठेवते, परंतु कुत्र्याला बाहेर ठेवीत नाहीं. तिची तार पातळ आणि भोंकें मोठीं. अर्ध्या इंचाची, सांधे जोडलेली जाड तारेची जाळीच घ्यावी. ती चौकटीच्या बाहेरून लावून वर पट्टी ठेवावी व स्क्रूनें आवळावी. म्हणजे बाहेरून धक्का बसला तरी ती चौकटीवरच दाबली जाते. दाराला दोन कड्या असाव्या. आंत एका कोपऱ्यांत बिळासारखी अंधारी खोली हवी. कुत्रें नुसतें जाळीशीं भुंकलें तरी ससा भीतीनें गतप्राण होऊं शकतो. पायांखालीं सगळी जाळी नसावी. तिनें तळव्यांना जखमा होतात. निम्म्या भागांत फळी घालावी.

उंदीर सशासाठीं येत नाहींत, सांडलेल्या दाण्यासाठीं येतात. आणि साप येतात ते उंदरांसाठीं. म्हणून दाणा झांकणाच्या डब्यांत ठेवावा आणि उरलेला दाणा संध्याकाळीं उचलावा. वाळलें गवत मात्र रात्रभर असूं द्यावें. विषारी गोळ्या पेटीजवळ मुळींच ठेवूं नयेत. साप दिसल्यास मारूं नये, सर्पमित्राला बोलवावें. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून माणसाला लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या त्या पुरानंतर मुंबईंत या रोगाची सांथ आली होती. पेटी धुतांना हातमोजे आणि रबरी बूट घालावे. पायाला जखम असलेल्या मुलाला हें काम सांगूं नये.

मुंग्यांसाठीं पेटीच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. मात्र साठलेल्या पाण्यांत डेंग्यूचे डास वाढतात, आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दीड आठवडा पुरतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनीं वाट्या घासून पाणी बदलावें.

सर्वांत घातक शत्रु मात्र सर्वांत क्षुल्लक दिसतो. तो म्हणजे माशी. पावसाळ्यांत ओला पाला खाऊन सशाला पातळ होतें, शेपटीखालचे केस माखतात, आणि त्यांवर माशी अंडीं घालते. चोवीस तासांच्या आंत अळ्या निघतात व त्या जिवंत मांस पोखरूं लागतात. सकाळीं धडधाकट दिसलेला ससा दुसऱ्या दिवशीं मरणोन्मुख होतो. याला कोणतीही जाळी पूर्णपणें पुरी पडत नाहीं. पाला पुसून, सुकवून द्यावा. कोरडें गवत भरपूर असावें. ओलें आंथरूण रोज बदलावें. आणि दिवसांतून दोनदां ससा हातांत घेऊन त्याची शेपटी उचलून पाहावी. एकही अळी दिसली तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्याकडे जावें.

आगोटीच्या आधीं जुनीं माणसें घर शाकारीत, सरपण आणि धान्य भरून ठेवीत. ज्या घरीं ससा आहे त्या घरीं त्याच वेळीं पेटीचे खिळे, जाळी आणि छप्पर तपासावें. चांगली पेटी सुतार एकदांच करून देतो; परंतु भर पावसांत सकाळ-संध्याकाळ तिच्याजवळ जाऊन पाहणें हें घरांतल्याच कोणालातरी करावें लागतें. तें कोण करणार, हें ससा आणण्यापूर्वींच ठरवावें.