शेजारधर्म आणि व्यापार
(आष्टी, जि. जालना येथील व्याख्यानाचा सारांश)



शेजारी राष्ट्रांचे आर्थिक ऐक्य हा दिल्ली-ढाक्याच्या परिषदांचा विषय आहे, असा आपला समज असतो. परंतु आष्टीच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस आपल्याला थेट त्याच्या गाभ्याशी नेतो.

बांगलादेशात कापूस फारच थोडा पिकतो. तरीही तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगात आघाडीवर आहे. तेथील गिरण्यांना रुई आणि सूत बाहेरून आणावे लागते व भारत हा त्यांचा एक प्रमुख पुरवठादार आहे. तेथे मागणी असली की येथील भावाला आधार मिळतो. शेजारच्या बाजारपेठेचा हा रोकडा लाभ होय.

आता दुसरी बाजू पाहू. सार्कची स्थापना १९८५ची. मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ करार १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. २०११ मध्ये भारताने बांगलादेशासारख्या अल्पविकसित शेजाऱ्यांच्या कपड्यांवरील आयातशुल्कही उठविले. शेतकऱ्याला ग्राहक मिळाला. पण भिवंडी-इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगापुढे प्रतिस्पर्धी उभा राहिला. करार एकच, परंतु एकाच राज्यात एकाच्या पदरी लाभ आणि दुसऱ्याच्या वाट्याला झळ!

तिसरा प्रश्न विश्वासाचा. २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये आपण कांद्याची निर्यात अचानक थांबविली. बांगलादेशातील ग्राहक पोळला, तसाच नाशिकचा शेतकरीही. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भूमार्गाने येणारे भारतीय सूत अडविले. मे महिन्यात भारताने त्यांच्या कपड्यांना भूमार्ग बंद करून न्हावाशेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली. पाकिस्तानचा अनुभव तर सर्वविदित आहे. पुलवामाच्या हल्ल्यानंतर २०१९ मध्ये तो व्यापार जवळजवळ संपुष्टात आला. दहशतवाद पोसणाऱ्याशी व्यापार टिकत नाही, हे खरेच. परंतु मित्रराष्ट्राशी व्यवहार करताना आपलाही शब्द पक्का हवा.

म्हणून सरसकट दारे उघडणे जितके अनिष्ट, तितकेच ती मनाला येईल तेव्हा लावणेही अनिष्ट. निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे. झळ सोसणाऱ्या यंत्रमागाला आधुनिकीकरणासाठी साहाय्य मिळावे. आणि मराठवाड्याने केवळ रुईच्या गाठी न पाठविता सूत व कापडही पाठवावे. देशहित आणि शेजारधर्म यांचा मेळ त्यातच आहे. त्यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींना जाब विचारण्याचे काम मात्र आपणच केले पाहिजे.